मंडळीची कुंची

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. नाताळच्या नाटिकेत गव्हाणीत बाहुली ठेवायची नाही. वर्षभरात मंडळीत जे सगळ्यांत धाकटं मूल जन्माला आलं असेल, तेच गवतावर निजवायचं. मग ते रडो, मुतो, नाहीतर योसेफाची दाढी ओढून काढो. आणि त्याच्या डोक्यावर कुंची घालायची ती मंडळीचीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बयाबाईंनी, शिवलेली.

सासूबाई मिरजेला दवाखान्यात आया होत्या. तिथलं एक जुनं लाल ब्लँकेट त्यांना मिळालं. ते धुऊन, फाडून त्यांनी ही कुंची शिवली. आतून लुगड्याचं मऊ अस्तर आणि मागे पाठीवर पांढऱ्या दोऱ्याचा तारा. ताऱ्याचं एक टोक वाकडं आहे. कुणी ते दाखवलं की सासूबाई म्हणायच्या, "तुमी आभाळात जाऊन बघून आलाय व्हय?"

कुंची कुणा एका घराची नाही. शेवटचं मूल ज्या घरात, त्या घरी ती राहते. पुढे कुणा सुनेला सातवा महिना लागला की ओटीच्या नारळाबरोबर तिच्या पदरात पडते. ख्रिस्ती असलो तरी ओटी आम्ही भरतो. नवे पाळकसाहेब आले की एकदा नाक मुरडतात, मग नारळाची वडी मागून घेतात. माझा रविराज या कुंचीत निजला. पलूसच्या अलीकडच्या आमच्या या गावात ज्यांच्या मिशा आज पिकल्या आहेत, तेही तिच्यातच निजले.

यंदा ती उत्कर्षाच्या पदरात पडली. उत्कर्षा माझी सून. माहेर पाचगणीचं, वडील तिथल्या एका शाळेत आचारी. रविराज फौजेत, सीमेवर. बाळ दिवाळीच्या तोंडावर आलं आणि दिवाळी संपायच्या आत गेलं. काळजाला जन्मतःच भोक होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. कुणाची चूक नव्हती, हे मी येईल त्याला सांगत बसते, कारण कुणाची तरी असती तर बरं झालं असतं. मला कुणावर तरी चिडायला मिळालं असतं. नाताळला बाप्तिस्मा करायचा आणि बापाच्या नावाला जोडून जयराज नाव ठेवायचं, असं ठरलं होतं. बाळ गेल्यावर ते नाव घरात कुणी मोठ्यानं घेतलं नाही.

माती देताना एक गोष्ट झाली. मी त्याला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलं होतं. उत्कर्षानं मधेच उठून कुंची आणली आणि त्याच्या डोक्यावर घातली, गळ्याशी गाठ मारली. कुणाला काय बोलावं कळेना. तेव्हा मंडळीचे सेक्रेटरी लालासाहेब पुढे झाले. आमच्या ह्यांचे दोस्त, वयानं मोठे. मायेनंच म्हणाले, "पोरी, ही पुढच्या लेकराला लागंल." उत्कर्षानं त्यांच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडली. इतक्या लहान डोक्यावरून कुंची काढायला काय वेळ लागतो? पण तो वेळ माझ्यासाठी संपता संपला नाही.

रविराज आला होता, सुट्टी संपली, गेला. घरात राहिलो आम्ही दोघी. उत्कर्षा उठायची, भाकरी थापायची, भांडी घासायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. दुपारी ओढणी घेऊन बाहेर पडायची ती दिवस कलला की परतायची. मला वाटायचं, कबरस्तानात जाते. मी मागे गेले नाही. मला स्वतःला तिकडे जायचा धीर होत नव्हता, तिला काय विचारणार?

डिसेंबर लागला तसं एक दिवस भांडी घासता घासता ती म्हणाली, "आत्या, सव्वीस तारखंला दादा येतोय न्यायला. मी पाचगणीला जाते."

"जा की. चार दिवस आईजवळ बरं वाटंल."

तिनं पुढचं भांडं ओढलं. नंतर मी तिच्या खोलीत गेले तर मोठी बॅग भरलेली. त्यात उन्हाळ्याचे कपडे होते. लग्नात आणलेलं शिवणाचं मशीन तिनं चादरीनं झाकून दोरीनं आवळून बांधलं होतं. चार दिवसांसाठी कुणी मशीन बांधत नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच भीती बसली. नातू गेला तो गेला. आता ही पोरगी जाईल, आणि एकदा गेली की परत येणार नाही.

नाताळ आठवड्यावर आला तेव्हा लालासाहेब नव्या पाळकसाहेबांना घेऊन घरी आले. मी चहा ठेवला. दुःखाच्या घरात यंदा कढई चढणार नव्हती, म्हणून शेजारपाजारच्या बायकांनी करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे आणून ठेवले होते. त्यातलाच एक उघडून मी पुढे केला. उत्कर्षा आत पीठ मळत होती.

लालासाहेबांनी दोन शंकरपाळ्या चघळल्या आणि विचारलं, "मनुवैनी, यंदा नाटिकेचं कसं करायचं?"

अंगणवाडीत लागल्यापासून ही नाटिका मी बसवते. मेंढपाळांच्या मुंडाशापासून देवदूताच्या पंखांपर्यंत सगळं माझ्या हातचं. मी म्हणाले, "कसं म्हंजी? बंद ठिवा."

पाळकसाहेब तरुण आहेत, पुस्तकी बोलतात. ते म्हणाले, "मनुबाई, नाताळ आनंदाचा सण आहे. दुःख आहे म्हणून आनंद थांबवायचा नसतो. उलट अशा वेळीच तो आपल्याला जास्त लागतो."

माझं डोकं फिरलं. हा मुलगा अजून कुणाला माती द्यायला वाकलेला नाही आणि मला आनंद शिकवतो. मी म्हणाले, "पाळकसाहेब, इतकी वर्सं मी नाटिका पूर्वेकडचे ते ज्ञानी मागी लोक आले की संपवती. सोनं दिलं, ऊद दिला, पडदा. पुढचं पान मी कवा बसवलं न्हाई. तुमी बी नाताळात कवा वाचत न्हाई. राजानं बेथलेहेमातली सगळी तान्ही पोरं मारून टाकली, ते पान. त्या बायांकडं कुठला देवदूत गेला हुता, ते सांगा मला."

पाळकसाहेब कपात बघत बसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. महिनाभर मोबाईलवर त्याच मुलुखातल्या लढाईची चित्रं येत होती. प्रभू जिथे जन्मला तिथल्याच बाया, हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली गाठोडी. मी ती बघून मोबाईल पालथा टाकायची. तिकडे काय आणि आमच्या घरात काय, दोन हजार वर्षांत काही बदललं आहे असं मला दिसत नव्हतं.

लालासाहेबांनी घसा खाकरला. "वैनी, पोरांनी मुंडाशी काढून ठिवल्यात. त्यास्नी कसं न्हाई म्हणायचं? पर गव्हाणीत ठेवायला यंदा लेकरू न्हाई. ज्ञानूची नात हाय, पर ती पुण्यात. थंडीची आणत न्हाईत म्हणं. तवा म्हणलं, एक डाव बाहुली ठिऊ. कुंची तेवढी असावी. कुंची बघितली की मंडळीला जरा बरं वाटंल."

"कुंची उत्कर्षाजवळ हाय," मी म्हणाले. "मागायची असंल तर तुमी मागा."

आतला परातीचा आवाज थांबला होता. दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही. शेवटी लालासाहेब उठले, म्हणाले, "तुमीच बघा वैनी," आणि दोघं निघून गेले. अवघड काम असलं की आमच्या मंडळीतले पुरुष ते प्रार्थनेत ठेवतात आणि बायकांना करायला लावतात.

दोन दिवस मी ते तोंडावर आणून गिळलं. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापत होती तेव्हा म्हणाले, "उत्कर्षा, कुंची द्यायला लागती गं मंडळीला."

"न्हाई माझ्याजवळ."

"म्हंजी?"

"न्हाई." तिनं भाकरी उलटली.

मी तिच्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली. वरच बाळाचं सगळं होतं. झबली, लंगोट, दुपटी, घड्या घालून, डांबराच्या गोळ्या ठेवून. कुंची नव्हती. मी बॅग उसकटली, गादीखाली बघितलं. माझ्या मनात नको नको ते आलं. परत चुलीशी जाऊन मी विचारलं, "जाळलीस का काय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण तो राग होता. "दिली," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ज्याला लागत हुती त्याला."

"तुझी हाय व्हय ती, द्यायला? माझ्या सासूच्या हातची, सगळ्या मंडळीची."

"माझं काय हाय हितं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तव्यावरची भाकरी काढली, तवा खाली उतरवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी चुलीशी बसून राहिले. मला रडायलाही येत नव्हतं. सासूबाई गेल्या, हे गेले, नातू गेला, आता कुंचीही गेली, आणि सून तर बॅग भरूनच बसली होती. मी वर बघून म्हणाले, "आता काय ऱ्हायलं, ते बी घे." पाळकसाहेब याला प्रार्थना म्हणतील की नाही, माहीत नाही.

चोवीस तारखेला सकाळी मी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पोरांची तालीम घेत होते. तेवढ्यात तानाजी घोंगडी घेऊन आला. तानाजीचं घर ऊसवाल्यांचं, हिंदू, पण मेंढपाळांच्या वेशासाठी घोंगडी दरसाल त्याच्याच घरची. ती ठेवून तो म्हणाला, "मनुकाकू, सूनबाईंना सांगा, कुत्र्यांपास्नं जपा म्हणावं. मेंढक्यांची कुत्री लय वंगाळ असत्यात."

"कुठली कुत्री?"

"आमच्या वड्याकडच्या रानात मेंढरं बसवल्यात न्हवं, खताला. आटपाडीकडची माणसं हायती. सूनबाई रोज दुपारी तिथं बांधावर येऊन बसत्यात. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. मी पोरांना घरी पाठवलं आणि तशीच निघाले. उत्कर्षा त्या वेळी घरी कपडे वाळत घालत होती, ते मी येताना बघितलं होतं.

ओढ्याकडचं रान ऊस तुटून मोकळं झालेलं. दिवाळी झाली की दुष्काळी भागातले मेंढके कळप घेऊन आमच्या बाजूला उतरतात, हे मी लहानपणापासून बघते. नाटिकेत पोरांच्या डोक्याला मुंडाशी बांधताना मात्र खरे मेंढके दोन शेतं पलीकडे उतरले आहेत, हे कधी मनात आलं नाही. जाळीचं कुंपण घातलेलं, आत लहान कोकरं, मोठी मेंढरं चरायला गेलेली. तीन दगडांची चूल, दोन घोडी. कुत्रं भुंकलं तशी एक बाई उठली आणि त्याला दटावलं. वय उत्कर्षाएवढंच असेल, पण उन्हानं रापून मोठं दिसत होतं. बाभळीला झोळी टांगली होती आणि झोळीतून लाल टोक दिसत होतं.

मी जवळ जाऊन वाकून बघितलं. महिन्या-दीड महिन्याची पोरगी. कपाळावर भंडारा, गळ्यात काळा दोरा आणि डोक्यावर आमची कुंची. कुंचीला मेंढरांचा वास येत होता. कडेला भंडाऱ्याचे पिवळे डाग पडले होते. लालासाहेबांनी बघितलं असतं तर खालीच बसले असते.

"तुमी त्या बाईच्या कोण?" तिनं विचारलं. तिचं नाव अंबूबाई.

"सासू."

"मग बसा की." तिनं पोतं अंथरलं. "पयल्या दिवशी त्या लांब बांधावर येऊन बसल्या. आमाला वाटलं, वाट चुकल्यात. पोरगी लय रडत हुती, वड्याचं वारं लय गार. ही वाटंतच झाली बगा, घर सोडल्यावर. दुसऱ्या दिवशी ही टोपडी घेऊन आल्या. घातली, गाठ मारली आन परत बांधावर जाऊन बसल्या. मी म्हणलं, घ्या की बाई लेकराला जरा. न्हाई म्हणल्या. अजून एकदा बी हातात घेतलं न्हाई. रोज येत्यात, लांबनं बघत्यात, जात्यात."

"काय बोलली का, देताना?"

"म्हणल्या, ही पुढच्या लेकराला द्यायची असती."

मी पोत्यावर बसले. पुढच्या लेकराला. लालासाहेबांचेच शब्द. आम्ही सगळे पुढचं लेकरू मंडळीत शोधत होतो, पुण्यापर्यंत शोधून आलो. पुढचं लेकरू मंडळीतलंच असलं पाहिजे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अंबूबाईनं शेळीच्या दुधाचा चहा दिला. मग विचारलं, "तुमचं गेलं न्हवं? त्यांच्या तोंडावरनं वळखलं मी."

"नातू," मी म्हणाले.

"माझी दोन गेली. एक खंडाळ्याच्या अंगाला ठिवलं, एक फलटणच्या वाटंला. दरसाल तिथनंच जातो. पर आता जागा बी घावत न्हाई. रस्ता रुंद झाला, कालवा झाला." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "तवा आमच्या बांधावर कोण येऊन बसलं न्हाई."

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. मला तिला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. इतकी वर्षं पोरांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी शिकवते, पण एक शब्द सुचला नाही. चहा पिऊन झाला तशी तीच म्हणाली, "न्यायला आलाय व्हय? त्या म्हणल्या हुत्या, मोठ्या सणाला मागत्याल म्हणून." आणि तिनं झोळीत हात घालून गाठ सोडायला घेतली. पोरीचा कान उघडा पडला, वारं लागलं तसं तिनं तोंड वाकडं केलं.

"राहू दे," मी म्हणाले. मी काही उदार झाले नव्हते. ती गाठ सुटताना एकदा बघितली होती, दुसऱ्यांदा बघायची माझी छाती नव्हती. "उद्या आमचा सण. फराळ घेऊन येते तुमाला."

"बघू की, हितं असलो तर. मालक म्हणतील तसं," अंबूबाई म्हणाली आणि गाठ परत आवळली.

घरी जाऊन मी उत्कर्षाला काही बोलले नाही. बोलायला तोंड कुठे होतं?

नाताळच्या सकाळी देवळात लालासाहेब दारातच आडवे आले. "कुंची?"

"पुढच्या लेकराच्या डोक्यावर हाय," मी म्हणाले.

त्यांना आधी कळलं नाही, मग स्वतःचेच शब्द आठवले. त्यांनी मान खाली घातली. मान वर न करताच विचारलं, "मग गव्हाणीत काय ठेवायचं?"

"गवत. बाहुली मी ठेवू देणार न्हाई."

तशीच नाटिका झाली. मरिया झालेली संयोगिता नुसत्या गवताकडे बघून हसली, कारण मी तिला तसं शिकवलं होतं. देवदूतानं मेंढपाळांना भिऊ नका म्हणून सांगितलं. पेटी वाजली, झांजा वाजल्या, सगळे गायला उभे राहिले. मी उभी राहिले, पण तोंड उघडलं नाही. मला आनंद झाला नाही. लोक म्हणतात, गाणं सुरू झालं की आत काहीतरी उजळतं. माझ्या आत गवत होतं. शेजारची उत्कर्षाची जागा रिकामी होती आणि दुसऱ्या दिवशी सव्वीस तारीख होती.

मग पाळकसाहेब उठले आणि त्यांनी ते पुढचं पान वाचलं. राजानं मारलेल्या पोरांचं. नाताळच्या दिवशी. बायकांमध्ये कुजबुज झाली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "यावर मला एका बाईंनी प्रश्न विचारला. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. एवढंच दिसतं की प्रभू याच गावात जन्मला. ज्या गावात हे व्हायचं होतं, त्याच." पुढे काही बोलायचा त्यांचा विचार असावा, पण त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते खाली बसले. आल्यापासून ते मला पहिल्यांदाच पाळक वाटले.

उपासना सुटली. सगळे एकमेकांच्या हातात हात देऊन, आमच्या ख्रिस्ती रीतीनं, सलाम करत होते. मी कुणाला सलाम न करता घरी आले. फराळाचे सगळे डबे एका पिशवीत भरले आणि उत्कर्षाच्या दाराशी उभी राहिले. "चल," मी म्हणाले.

"कुठं?"

"मेंढरांकडं."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग खुंटीवरची ओढणी घेतली.

रान रिकामं होतं. जाळी उचललेली, घोडी नाहीत, कुत्री नाहीत. तीन दगड, त्यांच्यामध्ये राख, सगळीकडे लेंड्या आणि चघळून टाकलेलं उसाचं वाडं. बाभळीच्या फांदीला झोळीच्या दोरीचा घासलेला वळ. राखेला हात लावला तर अजून कोमट. कुठल्या वाटेनं गेले, ते सांगायलाही कुणी नव्हतं.

मी फराळाची पिशवी खाली ठेवली आणि तिथेच मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं. सासूबाईंची कुंची गेली. आता ती वाऱ्यापावसात कुठल्या तरी माळावर फाटून जाणार. आणि रडता रडता मी म्हणाले, "जयराज गेला गं. आपला जयराज गेला." नाव तोंडातून निघून गेलं.

उत्कर्षा उभी होती. मग ती बांधाकडे गेली आणि बसली. तिथलं गवत दबलेलं होतं, ती तिची रोजची जागा असणार. मी डोळे पुसून शेजारी जाऊन बसले. तिनं पिशवीतला एक डबा उघडला, करंजी काढली, मोडली, अर्धी मला दिली आणि अर्धी खाल्ली. बाळ गेल्यापासून तिनं गोड तोंडात घातलेलं मी बघितलं नव्हतं.

"कडक झाल्यात," ती म्हणाली.

"लालासाहेबाच्या घरच्या हायत. त्यांच्याकडं मोहन घालायला जिवावर येतं."

ती चावत राहिली. मी विचारलं, "कुंची दिल्यावर बरं वाटलं का तुला?"

तिनं विचार केला. "आनंदबिनंद काय झाला न्हाई, आत्या. तिला थंडी वाजत हुती. ती वाजायची थांबली. एवढंच."

"मग रोज का येत हुतीस?"

"वाजायची थांबली का न्हाई, ते बघायला."

ओढ्यावरून वारं येत होतं, खरंच गार होतं. कुठल्या तरी वाटेवर घोडीच्या पाठीवर ते लाल टोक हलत असेल आणि आतला कान झाकलेला असेल, असं मनात आलं. देवळात जे आलं नाही ते यावेळी आलं का, मला सांगता येणार नाही. दुःख तसूभर कमी झालं नाही. पण ते लेकरू थंडीत नव्हतं, हे खरं होतं, आणि ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

"आता मंडळीत कुणाला सातवा लागला तर?" तिनं विचारलं.

"लागला तर लागला. कुंची कुठनं आणायची आता?"

ती हातातला करंजीचा चुरा झाडत राहिली. मग म्हणाली, "तसं ते ब्लँकेटचं कापड टोचायचं, आत्या. अस्तर पार पातळ झालं हुतं. पाचगणीला गरम कापड मऊ मिळतं. येताना घेऊन येते."

येताना. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिनं तो शब्द परत घेतला असता, अशी मला भीती वाटली. मी समोरच्या राखेकडे बघत, जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "मशीन बांधलंयस न्हवं तू?"

"सोडंन की आल्यावर. तारा तेवढा तुमी काढायचा."

"माझा वाकडा हुईल."

"हूं दे," ती म्हणाली.

नाताळच्या सकाळपासून मी कुणाला सलाम केला नव्हता. मी हात पुढे केला. "सलाम, उत्कर्षा."

तिनं तुपकट हात ओढणीला पुसला आणि माझ्या हातात दिला. "सलाम, आत्या." हात थंडगार होता. मी तो बराच वेळ सोडला नाही.